फ्लॉक, टिम

(११ मे १९२४–३१ मार्च १९९८). अमेरिकन स्टॉककार शर्यतपटू व ‘नॅसकार’ या संस्थेच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा दोन वेळचा (१९५२ व १९५५) मानकरी. संपूर्ण नाव ज्यूलियस टिमथी फ्लॉक. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲलाबॅमा राज्यात फोर्ट पेन येथे जन्म. १९४९ ते १९६१ या कालखंडात नॅसकारच्या वरिष्ठ गटातील १८७ शर्यतींत त्याने भाग घेतला व त्यांपैकी ३९ जिंकल्या. सु. २१ टक्के हे त्याच्या विजयांचे प्रमाण या खेळाच्या इतिहासात अत्युच्च प्रमाणांपैकी एक गणले जाते. माकडाला शेजारी बसवून शर्यत जिंकणारा चालक म्हणून त्याची आख्यायिका झाली. तथापि चालकांची संघटना उभारण्याच्या प्रयत्नामुळे आजन्म बंदी ओढवून घेणारा माजी विजेता म्हणूनही त्याचे या खेळाच्या इतिहासातील स्थान तितकेच महत्त्वाचे आहे.

पार्श्वभूमी : कारखान्यात तयार होऊन सर्वसामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या मोटारगाडीस ‘स्टॉककार’ म्हणतात. केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या, उघड्या चाकांच्या मोटारींच्या स्पर्धा अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून रूढ होत्या. परंतु त्या खर्चिक होत्या. दक्षिणेकडील राज्यांत मात्र रोजच्या वापरातील मोटारींच्या शर्यती लोकप्रिय झाल्या आणि त्यांचे मूळ बऱ्याच अंशी हातभट्टीच्या दारूच्या व्यापारात होते. ॲपालॅचियन डोंगराळ भागातील शेतकरी मक्यापासून बेकायदा दारू गाळीत व ती रात्रीच्या वेळी मोटारींतून अटलांटासारख्या शहरांत पोहोचविली जाई. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात हा व्यापार फोफावला. बंदी उठल्यानंतरही मद्यावरील कर चुकविण्यासाठी तो चालूच राहिला. महसूल खात्याच्या अधिकाऱ्यांना चुकविण्यासाठी साध्या दिसणाऱ्या मोटारींची एंजिने अधिक शक्तिमान केली जात. मागील बाजूस भरलेल्या मालाच्या भाराने गाडी खाली दबू नये, म्हणून स्प्रिंगा अधिक कडक केल्या जात. दारू वाहून नेणाऱ्या तरुणांत अधिक वेगवान कोण, हे ठरविण्यासाठी मातीच्या वर्तुळाकार मार्गांवर पैजा लागू लागल्या. या पैजांतून हा खेळ आकारास आला.

कुटुंब : टिमचे वडील त्याच्या अगदी बालपणीच वारले. पुढे हे कुटुंब अटलांटा येथे स्थायिक झाले. तेथे त्याचे थोरले बंधू बॉब व फाँटी हे नातेवाइकांच्या दारूच्या व्यापारात मोटारी हाकू लागले व त्यातूनच शर्यतींकडे वळले. कायदेभंगाचा ठपका असलेल्या चालकांना अटलांटाच्या लेकवुड मार्गावर मज्जाव होता. पोलिसांनी बॉब याचा भर शर्यतीत पाठलाग केल्याची कथा या खेळाच्या परंपरेत प्रसिद्ध आहे. एथेल ही बहीणही शर्यतींत उतरे. तिचे नाव एका पेट्रोलच्या नावावरून ठेवले गेल्याचे सांगतात. रीओ ही दुसरी बहीण विमानातून हवाई छत्रीच्या साहाय्याने उडी मारण्याचे प्रयोग करी. धाकट्या टिमने शर्यतींत पडू नये, असे थोरल्या भावांना वाटे. तथापि दुसऱ्या महायुद्धानंतर तोही त्यांच्यामागोमाग या क्षेत्रात आला.

वरिष्ठ गटात टिमने ३९, फाँटीने १९ व बॉबने ४ अशा एकूण ६२ शर्यती या तीन भावांनी जिंकल्या. फाँटीही कमी रंगेल नव्हता. १९५२ साली डार्लिंग्टन येथील सदर्न ५०० ही प्रतिष्ठेची शर्यत त्याने आखूड विजार घालून जिंकली व नंतर मोटारीवर उभे राहून हजारो प्रेक्षकांसह गाणे म्हटले.

नॅसकारची स्थापना व आरंभीची कारकीर्द : युद्धोत्तर काळात स्टॉककार शर्यतींचे आयोजन विस्कळित होते. नियम ठिकठिकाणी भिन्न असत आणि बक्षिसाची रक्कम घेऊन आयोजकच पसार झाल्याचे प्रकारही घडत. ही अव्यवस्था दूर करण्यासाठी बिल फ्रान्स याने डिसेंबर १९४७ मध्ये फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे चालक, मोटारमालक व आयोजक यांची बैठक बोलाविली; तीतून फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था नोंदली गेली. नाव जरी संघाचे असले, तरी ती सभासदांच्या मतांवर चालणारी संघटना नव्हती; तिची मालकी व सूत्रे फ्रान्स व त्याचे कुटुंब यांच्याकडे राहिली. टिम फ्लॉकच्या कारकीर्दीतील बहुतेक संघर्षांचे मूळ या रचनेत आढळते.

कारखान्यातून आलेल्या, बदल न केलेल्या मोटारींची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट (नॉर्थ कॅरोलायना) येथील सु. १·२ किमी. लांबीच्या मातीच्या मार्गावर झाली. तीत टिम पाचवा आला. प्रथम आलेल्या ग्लेन डनवे याच्या मोटारीच्या मागील स्प्रिंगांत दारू वाहणाऱ्यांच्या पद्धतीचा फेरबदल आढळल्याने तो अपात्र ठरला आणि दोन हजार डॉलरचे पहिले बक्षीस जिम रोपर यास मिळाले. मोटारमालकाने या निर्णयाविरुद्ध दावा लावला. पण न्यायालयाने तो फेटाळला व आपल्या नियमांचा अर्थ लावण्याचा संस्थेचा अधिकार मान्य झाला. त्याच वर्षी १० जुलै रोजी डेटोना बीच येथील शर्यतीत फ्लॉक कुटुंबातील चार भावंडे एकाच वेळी उतरली. टिम दुसरा, एथेल अकरावी, फाँटी एकोणिसावा, तर बॉब बाविसावा आला; दोघा थोरल्या भावांना बहिणीने मागे टाकले.

पहिले अजिंक्यपद : वरिष्ठ गटातील पहिला विजय टिमने २ एप्रिल १९५० रोजी शार्लट येथे मिळविला. पुढील वर्षी त्याने सात शर्यती जिंकल्या. १९५२ साली टेड चेस्टर याच्या मालकीची हडसन हॉर्नेट मोटार चालवून त्याने आठ विजय संपादन केले व पूर्वीचा विजेता हर्ब टॉमस यास १०६ गुणांनी मागे टाकून अजिंक्यपद पटकाविले. हॉर्नेट मोटारीत बसण्याची जागा सांगाड्याच्या पातळीपेक्षा खाली असे. त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य खाली येई व वळणांवर ती प्रतिस्पर्धी मोटारींपेक्षा स्थिर राही. दोन कार्ब्युरेटर बसविलेले, सु. ५ लिटर क्षमतेचे तिचे सहा सिलिंडरांचे एंजिनही त्या वेळी प्रबळ मानले जाई. हंगामाची अखेरची शर्यत वेस्ट पाम बीच येथे ३० नोव्हेंबर रोजी झाली. तीत फ्लॉकची मोटार उलटली. परंतु अजिंक्यपदासाठी आवश्यक ते गुण त्याच्या पदरी पडले होते. डोक्यावर उभा राहून अजिंक्यपद जिंकलेला आपण एकमेव चालक असू, असे तो पुढे विनोदाने सांगे.

माकडाचे प्रकरण : १९५३ च्या हंगामात फ्लॉकने र्‍हीसस जातीचे (भारतात सर्वत्र परिचित असलेले लाल तोंडाचे) एक माकड मोटारीत शेजारी बसविण्यास सुरुवात केली. त्याचे नाव ‘जॉको फ्लॉको’ ठेवण्यात आले. त्याच्यासाठी चालकाच्या गणवेशासारखा पोशाख शिवण्यात आला व बांधून ठेवण्याची सोय असलेली खास बैठक बसविण्यात आली. तिकीटविक्रीस या प्रकाराचा लाभ होई, म्हणून आयोजकांनी त्याला हरकत घेतली नाही. जॉकोने आठ शर्यतींत भाग घेतला. १६ मे रोजी हिकरी (नॉर्थ कॅरोलायना) येथे फ्लॉक विजयी झाला. वरिष्ठ गटातील शर्यत जिंकणाऱ्या मोटारीत माकड असल्याचे हे एकमेव उदाहरण होय.

दोन आठवड्यांनी, ३० मे रोजी रॅली येथे हा प्रयोग संपुष्टात आला. शर्यतीचा मार्ग डावीकडे वळणारा असल्याने सर्वाधिक झीज उजव्या पुढील टायरची होते. ती धावत्या मोटारीतून पाहता यावी, म्हणून त्या काळी तळाच्या पत्र्यात एक झडप ठेवीत व ती साखळीने उघडीत. जॉको बंधनातून सुटला आणि या झडपेपाशी गेला. तेथे खडा लागल्यामुळे बिथरून त्याने फ्लॉकच्या मानेवर झेप घेतली. ताशी शंभर किमी.पेक्षा अधिक वेगाने धावणारी मोटार एका हाताने सांभाळीत फ्लॉकला ती पिटमध्ये (दुरुस्तीच्या थांब्यावर) आणावी लागली व माकड सहकाऱ्यांच्या हवाली करावे लागले. या विलंबामुळे तो तिसरा आला. शर्यत त्याचा भाऊ फाँटी याने जिंकली. त्यानंतर जॉकोस शर्यतींत नेण्यात आले नाही. आजच्या दृष्टीने हा प्राण्याचा छळच ठरेल. परंतु खेळ आणि जत्रेतील करमणूक यांतील सीमारेषा त्या काळी किती पुसट होती, हे या प्रसंगावरून दिसून येते. चालकाच्या सुरक्षिततेबाबतची अनास्थाही तितकीच होती. त्याच उन्हाळ्यात शर्यतीच्या मैदानात विश्रांतीसाठी झोपलेल्या फ्लॉकच्या अंगावर एक मोटार गेली व काही काळ त्याला शर्यतींस मुकावे लागले.

अपात्रता व पुनरागमन : डेटोना बीच येथील मार्ग सु. ६·६ किमी. लांबीचा होता, त्याचा निम्मा भाग समुद्रकाठच्या वाळूवरून व निम्मा डांबरी रस्त्यावरून जाई. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून तेथे शर्यत ठरवावी लागे. फेब्रुवारी १९५४ मध्ये या मार्गावर फ्लॉक प्रथम आला. त्याच्या मोटारीत व पिटमध्ये रेडिओ संच बसविलेले होते आणि मालकाशी बोलत त्याने ती शर्यत चालविली. पुढे सार्वत्रिक झालेल्या या पद्धतीचा वरिष्ठ गटातील हा आरंभीचा प्रयोग होय. परंतु शर्यतीनंतरच्या तपासणीत कार्ब्युरेटरमध्ये नियमबाह्य फेरफार असल्याचे ठरवून त्याला अपात्र करण्यात आले व विजय ली पेटी यास बहाल झाला. संतप्त होऊन फ्लॉकने नॅसकारला रामराम ठोकला व अटलांटात पेट्रोलपंप चालविण्यास घेतला.

पुढील वर्षी तो याच शर्यतीसाठी डेटोनाला केवळ प्रेक्षक म्हणून गेला होता. तेथे क्रायस्लर ३०० ही नवी मोटार त्याच्या दृष्टीस पडली. तीनशे अश्वशक्तीचे, आठ सिलिंडरांचे, सु. ५·४ लिटर क्षमतेचे एंजिन असलेली ही मोटार कार्ल कीकहेफर याने आणली होती. नौकांची मोटारयंत्रे बनविणारा विस्कॉन्सिनमधील हा उद्योगपती अनुभवी चालकाच्या शोधात होता. मोटार फ्लॉकच्या हाती आली. शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्‌स प्रथम आला. परंतु तपासणीत त्याच्या एंजिनातील झडपा उघडणाऱ्या दांड्यांत फेरफार आढळल्याने तो अपात्र ठरला व विजय फ्लॉकला मिळाला. ज्या अधिकाराने आदल्या वर्षी त्याचा विजय हिरावला, त्याच अधिकाराने या वर्षी त्याला तो दिला.

१९५५ चा हंगाम ही त्याच्या कारकीर्दीतील परमावधी होय. एकूण ४५ शर्यतींपैकी १८ जिंकून त्याने दुसरे अजिंक्यपद मिळविले. एका हंगामातील विजयांचा हा उच्चांक बारा वर्षे अबाधित राहिला. १९६७ साली रिचर्ड पेटीने २७ शर्यती जिंकून तो मोडला.

कीकहेफरने या खेळात कारखान्याची शिस्त आणली. त्याच्या मोटारी बंदिस्त मालमोटारींतून येत, यंत्रकुशल कामगार एकसारख्या गणवेशात असत, मार्गावरील मातीची परीक्षा केली जाई व हवामानाचे अंदाज घेतले जात. पुढील काळातील व्यावसायिक शर्यत संघांचे हे पूर्वरूप होते. परंतु चालकांची झोप, आहार व कौटुंबिक जीवन यांवरही त्याची करडी नजर असे आणि दुसरा क्रमांक त्याला पराभवासमान वाटे. या ताणाने फ्लॉकला जठरव्रणाचा विकार जडला व त्याचे वजन घटले. एप्रिल १९५६ मध्ये नॉर्थ विल्क्सबरो येथील शर्यत जिंकल्यावर लगेच त्याने कीकहेफरचा संघ सोडला. त्याच वर्षी १२ ऑगस्ट रोजी विस्कॉन्सिनमधील रोड अमेरिका या वळणावळणाच्या मार्गावर मर्क्युरी मोटार चालवून त्याने वरिष्ठ गटातील आपला एकोणचाळिसावा व अखेरचा विजय मिळविला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. त्यानंतर तो अधूनमधूनच शर्यतींत उतरू लागला.

चालक संघटना व बंदी : फ्लॉकचा मित्र व नामांकित चालक कर्टिस टर्नर याने ब्रूटन स्मिथ याच्या साहाय्याने शार्लट मोटर स्पीडवे हा भव्य मार्ग बांधला, तेथील पहिली शर्यत जून १९६० मध्ये झाली. बांधकामात कठीण खडक लागल्याने खर्च अंदाजापलीकडे गेला व प्रकल्प कर्जबाजारी झाला. टर्नरने मालमोटार चालकांच्या ‘टीम्स्टर्स’ या बलाढ्य कामगार संघटनेकडे कर्जाची मागणी केली. त्याच्या मोबदल्यात शर्यतपटूंना संघटित करण्याचे त्याने मान्य केले. १९६१ च्या उन्हाळ्यात ‘फेडरेशन ऑफ प्रोफेशनल ॲथ्‌लीट्स’ या नावाने सभासद नोंदणी सुरू झाली. फ्लॉक हा या कार्यात टर्नरचा प्रमुख साहाय्यक होता. बक्षिसांत मोठा वाटा, विमा, निवृत्तिवेतन, मृत चालकांच्या मुलांच्या शिक्षणाची तरतूद व मार्गांवरील सोयींत सुधारणा या चालकांच्या मागण्या होत्या. शर्यतींवर अधिकृत पैजा लावण्याची पद्धत सुरू करण्याचा टीम्स्टर्सचा हेतूही त्यांच्याशी जोडला गेला.

बिल फ्रान्सने या चळवळीचा निकराने प्रतिकार केला. संघटनेचा सभासद असलेल्या कोणासही आपल्या शर्यतींत भाग घेऊ देणार नाही. प्रसंगी पिस्तूल वापरू, असे त्याने चालकांच्या बैठकीत बजावले. मोटारशर्यत व पैजा एकत्र आल्यास खेळाची विश्वासार्हता नष्ट होईल, असा त्याचा युक्तिवाद होता व तो पूर्णतः निराधार नव्हता. तथापि विमा व निवृत्तिवेतन या मागण्यांचा पैजांशी संबंध नव्हता. बहुतेक चालक माघारी फिरले. प्रारंभी संघटनेत सामील झालेल्या फायरबॉल रॉबर्ट्‌सनेही राजीनामा दिला. टर्नर व फ्लॉक यांनी माघार घेतली नाही, म्हणून त्या दोघांवर आजन्म बंदी घालण्यात आली. न्यायालयाकडेही त्यांना दाद मिळाली नाही. १९६५ मध्ये प्रेक्षकसंख्येच्या चिंतेमुळे टर्नरवरील बंदी उठली व त्याच वर्षी रॉकिंगहॅम येथील शर्यत त्याने जिंकली. पुढे फ्लॉकवरील बंदीही रद्द झाली. पण वरिष्ठ गटात तो पुन्हा उतरला नाही.

चालकांच्या मागण्या अनाठायी नव्हत्या, याचा प्रत्यय लवकरच आला. जानेवारी १९६४ मध्ये विद्यमान विजेता जो वेदर्ली रिव्हरसाइड येथील अपघातात मरण पावला; त्याच वर्षी मे महिन्यात शार्लट येथे मोटार पेटून भाजलेल्या फायरबॉल रॉबर्ट्‌सचा २ जुलै रोजी अंत झाला. १९६९ साली रिचर्ड पेटीच्या नेतृत्वाखाली चालकांनी पुन्हा एक संघटना स्थापन केली व टायर फुटण्याच्या धोक्यामुळे टॅलाडिगा येथील पहिल्या शर्यतीवर बहिष्कार टाकला. फ्रान्सने अन्य चालकांना घेऊन ती शर्यत पार पाडली. ही संघटनाही टिकली नाही. २०२२ मध्ये चालकांचे एक सल्लागार मंडळ अस्तित्वात आले. मात्र सामुदायिक वाटाघाटी करणारी कामगार संघटना या खेळात रुजली नाही.

अखेरची वर्षे व सन्मान : बंदीनंतर फ्लॉकने अनेक वर्षे शार्लट मोटर स्पीडवेच्या प्रसिद्धी व तिकीटविक्री विभागात काम केले. जुन्या आठवणी सांगण्याच्या त्याच्या हातोटीमुळे नव्या पिढीतील प्रेक्षकांत तो लोकप्रिय होता. १९९१ साली इंटरनॅशनल मोटरस्पोर्ट्‌स हॉल ऑफ फेम या स्मारक दालनात त्याचा समावेश झाला. १९९८ साली, नॅसकारच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निवडलेल्या पन्नास थोर चालकांच्या यादीतही त्याचे नाव होते. त्याच सुमारास तो कर्करोगाने अंथरुणास खिळला होता. त्याच्यापाशी निवृत्तिवेतन नव्हते व आरोग्य विमाही नव्हता. मार्च १९९८ मध्ये माजी विजेता डॅरेल वॉल्ट्रिप याने आपली मोटार फ्लॉकच्या नावाने रंगवून त्याच्या उपचारांसाठी निधी उभारण्याचा प्रयत्न केला, त्यानंतर सु. दोन आठवड्यांनी शार्लट येथे फ्लॉकचे निधन झाले. २०१४ साली नॅसकारने स्वतःच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला मरणोत्तर स्थान दिले.

मूल्यमापन : हातभट्टीच्या वाहतुकीतून निघालेला खेळ उद्योगपतींच्या भांडवलावर उभा राहिलेला व्यवसाय बनेपर्यंतचे संक्रमण फ्लॉकच्या कारकीर्दीत पाहावयास मिळते. वळणावरील निसरड्या मातीत मोटारीचा तोल राखण्याचे त्याचे कौशल्य प्रतिस्पर्ध्यांनीही वाखाणले. एकसूत्री नियंत्रणामुळे विस्कळित खेळाला नियम, नियमित वेळापत्रक व खात्रीचे बक्षीस लाभले, हे फ्रान्सचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु नियम करणे, ते लावणे व खेळण्याची परवानगी देणे हे तिन्ही अधिकार एकाच हाती राहिल्याने चालकास दाद मागण्यास जागा उरली नाही. १९६१ मध्ये फ्लॉकने ज्या विमा व निवृत्तिवेतनासाठी आपले स्थान पणास लावले, त्यांचीच उणीव त्याला अखेरच्या आजारात भासली. माकडाच्या गमतीदार कथेहून हा भाग कमी परिचित आहे. पण खेळाडूचे श्रम व खेळाची मालकी यांतील संबंध समजून घेण्याच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे.